चाळीस थेंबांचा टेकू

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुमच्या हवामानाच्या ऑफिसने मला आंधळी ठरवलंय, ते तुझ्या कानावर आलंय का? काल चिठ्ठी आली: 'आपल्या थेंब मोजण्याच्या यंत्राच्या भिंगावर मळ साचला असावा. नोंदी खराब धरून वगळल्या आहेत.' मळ म्हणे! अगं, मी दात घासत नाही इतक्या वेळा ते भिंग पुसते. हवं तर तुझ्या नवऱ्याला विचार, रोज सकाळी मी शिडीवर चढून विमानाच्या पंखाखाली लोंबकळत असते आणि तो खालून 'पडलीस तर मला सांगू नकोस' म्हणून ओरडत असतो.

झालं असं. बरेच दिवस वारा भर समुद्रावरून येतोय, वाटेत ना गाव ना कारखाना. ढगातल्या थेंबाला धरून बसायला आधी एखादा कण लागतो, धुराचा, धुळीचा नाहीतर मिठाचा, हे तूच मला तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात समजावलं होतंस आणि माझं ताट गार झालं होतं. मग कणच नसतील तर थेंब येणार कुठून? एरवी एका घनसेंटीमीटरला शंभर-दीडशे थेंब लागतात. परवा मला लागले अकरा. मग दहा. मग परत अकरा. मी दादाला विमान त्याच ढगातून पुन्हा न्यायला लावलं, तरी तेच. आणि तुमचे लोक म्हणतात मळ!

बाकी इथे सगळं आहे तसंच. पत्र्याच्या शेडमध्ये विमान, शेजारच्या खोल्यांत आम्ही, एकच हीटर आणि त्याच्यावरून रोजची भांडणं. फोनवर निम्मं बोलणं ऐकूच येत नाही आणि संगणकाची लाइन फक्त नोंदी पाठवायला, खासगी एक ओळसुद्धा चालत नाही. त्यामुळे सामानाच्या गाडीच्या पिशवीतून हे पत्र.

दादा मजेत आहे. बेसूर शीळ घालतो. परवा उतरल्यावर मात्र पंखावरून बराच वेळ हात फिरवत उभा होता. पंखाच्या पुढच्या कडेला गरम पट्टी असते ना, तिच्या मागे, जिथे कधी बर्फ धरत नाही तिथे, खडबडीत थर बसला होता. मला म्हणाला, 'वहिनीला लिहू नकोस, उगाच डोकं खाईल.' तेव्हा हे मी तुला लिहिलेलं नाही, समजलं?

तुझी,
डोळस नणंद

&nbsp;

१७ जानेवारी

डोळस वन्सं यांस,

आधी नाक घासून माफी मागते, ऑफिसच्या वतीने. तुझ्या भिंगावर काहीही नाही. मळ आमच्याकडे आहे.

तुझ्या नोंदी आल्या की आमचा एक प्रोग्रॅम त्या चाळून घेतो. अशक्य वाटणारे आकडे टाकून देतो. थेंब चाळिसाच्या खाली गेले की अशक्य. आता हे चाळीस आले कुठून? मी दोन दिवस उकरत बसले होते. तर बाई, ते आमच्याच मॉडेलमधून आले! आमच्या हवामानाच्या मॉडेलमध्ये एक आकडा आहे, हवा कितीही स्वच्छ असली तरी ढगातले थेंब त्याच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. खोलीत सगळे त्याला टेकू म्हणतात. तो टेकू चाळीस. कुणीतरी चाळणी लिहिताना तोच आकडा उचलून तिथेही बसवला. म्हणजे मॉडेलमध्ये आम्ही सोयीसाठी ठेवलेली गोष्ट, आणि त्याच्यावरून खरा ढग खोटा ठरतोय. मी हसले आणि मग मला घाम फुटला.

टेकू का ठेवलाय तेही सांगते, नाहीतर म्हणशील वहिनीचं डोकं फिरलंय. तो काढला की मॉडेलमधल्या जुन्या काळच्या, कारखान्यांच्या आधीच्या ढगांत थेंब फारच कमी होतात. मग नंतरच्या धुराने ढग किती उजळले आणि ऊन किती अडलं, तो फरक अवाच्या सवा येतो. गेल्या शतकाचं तापमान आम्ही काढलं तर ते खऱ्यापेक्षा गार निघतं. टेकू दिला की सगळं जागेवर. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून तो आहे, पण गेली काही वर्षं ढगांचा भाग माझ्याकडे आहे आणि मीही त्याला हात लावलेला नाही.

आता लावायचाय. मार्चमध्ये मोठ्या अहवालासाठी मॉडेल चालवायला घेणार, त्याच्या आत. पण एका दिवसाच्या नोंदींवर आमचे चष्मेवाले प्रमुख मला उभंही करणार नाहीत. म्हणून एक मागणं आहे. तसाच वारा पुन्हा आला की तशाच ढगात आणखी एकदा जा. आणखी एकदा दहा-अकरा मिळाले, की माझी बाजू पक्की.

आणि जे तू मला लिहिलेलं नाहीस त्याबद्दल: मी त्या दिवशीचा बर्फाच्या धोक्याचा नकाशा काढून बघितला. सगळा हिरवा, म्हणजे धोका नाही. गरम पट्टीच्या मागे बर्फ धरायला थेंब मोठे लागतात, नकाशात बारीक होते. बारीक थेंब पुढच्या कडेवर आदळतात आणि पट्टी त्यांना वितळवते. तेव्हा तुझ्या भावाला म्हणावं, कथा रचू नका. लग्न ठरताना 'मला स्वयंपाक येतो' ही पण अशीच एक कथा होती.

आईंचे गुडघे थंडीने कुरकुरतात. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय, 'आल्यावर करतो' म्हणाला होता तो.

तुझी,
वहिनी

&nbsp;

२६ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं मागणं दादाला वाचून दाखवलं. काय सांगू, चेहरा बघायला हवा होतास! 'इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईसाहेबांनी माझ्या कामातलं काही मागितलं. एरवी कोथिंबीर नाहीतर नळ.' दिवसभर मिशीवाल्याला, म्हणजे त्याच्या सहवैमानिकाला, तेच ऐकवत होता. मिशीवाला वैतागून हीटरसकट दुसऱ्या खोलीत गेला.

आता मी जरा नीट लिहिते, थट्टा बाजूला. मंगळवारी आम्ही थोड्या वेळासाठी वर गेलो होतो. वारा अर्धाच समुद्रावरचा होता, थेंब वीस-पंचवीस. पुन्हा बर्फ धरला. इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांवरून सुटलेले बर्फाचे तुकडे विमानाच्या अंगावर आदळत होते, कुणी बाहेरून दगड मारावेत तसे, नेमके माझ्या कानाशी. दादाने लगेच खाली आणलं. मला भीती वाटली वहिनी. खोटं कशाला बोलू?

मिशीवाला म्हणतो, त्या ढगात पुन्हा नको. दादा म्हणतो, नकाशा हिरवा आहे, आणि थोडा बर्फ कुणाच्या पंखाला धरत नाही? उतरल्यावर नोंदीत त्याने 'किरकोळ' एवढंच लिहिलं. वरच्यांनी बघितलं तर उड्डाणं थांबवतील आणि तुझं काम राहील, असं त्याचं म्हणणं.

तर तू एवढं कर. नकाशा तुझ्याच ऑफिसातून येतो ना, तर पुढच्या आठवड्याचा स्वतः डोळ्यांखालून घाल आणि मला सांग. तू हो म्हणालीस तर जाऊ. नको म्हणालीस तर मी त्याला काही झालं तरी जाऊ देणार नाही, शिडी लपवून ठेवेन.

तुझी नणंद

&nbsp;

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

घाईत लिहितेय, गाडी सुटायच्या आत पत्र पोचायला हवं.

नकाशा बघितला. नुसता बघितला नाही, पलीकडच्या खोलीत तो बनवतात तिथे जाऊन विचारलं. पूर्ण आठवडा हिरवा. थेंब बारीक, धोका नाही. मंगळवारचाही पुन्हा बघितला, तोही हिरवा. ते म्हणाले, इतका थोडा बर्फ नकाशात येत नाही, घाबरण्यासारखं नसतं. तू पहिल्यांदाच थंडीत उडतेयस, म्हणून आवाज मोठे वाटले असतील.

चष्मेवाल्यांना एकदाचं राजी केलंय. पुढच्या उड्डाणातही थेंब चाळिसाच्या खूप खाली निघाले तर ते माझं ऐकून घेणार आहेत. तुझे दहा-अकरा खरे आहेत याबद्दल माझ्या मनात आता तिळभर शंका नाही.

तेव्हा जा. माझ्याकडून हो.

त्याला सांग, कोथिंबीरही लागणारच आहे. आणि सांग की मला त्याची फार आठवण येते. हे तू वाचून दाखवताना थट्टा करशील, तर करून घे.

तुझी,
वहिनी

&nbsp;

२७ फेब्रुवारी

वहिनी,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

तू फोनवर तीनदा विचारलंस, काय झालं, आणि तिन्ही वेळा मी नुसती रडले. त्याला घरी नेलं तेव्हा मी इथे पलंगाला बांधल्यासारखी पडून होते. त्याचं शेवटचं मला काही बघता आलं नाही. तू केलंस, आईने केलं. आता मी माझ्या वाट्याचं सांगते.

सकाळी नकाशा आला, हिरवा. वारा सरळ समुद्रावरून. दादा शीळ घालतच चढला. ढगात शिरलो आणि आकडा उतरायला लागला, तीस, अठरा, मग नऊ. नऊ, वहिनी! मी ओरडले, 'दादा, वहिनीचा टेकू पडला!' तो मोठ्याने हसला. ते हसणं मी ऐकलं, एवढं तुला सांगायचंच होतं.

पुढची काच आधी पांढरी झाली. मग दगड सुरू झाले. मिशीवाला म्हणाला, बाहेर पडू. दादाने मागे वळून मला विचारलं, 'झालं का तुझं?' आणि मी म्हटलं, अजून थोडं. मी म्हटलं ते. मला वाटलं, इतका चांगला ढग पुन्हा मिळायचा नाही. त्याने आणखी थोडं नेलं. मग वळायला गेला तर डावा पंख खाली गेला तो उठेचना. तो शांत होता. आरडाओरडा मिशीवाला करत होता आणि मी. ढगाच्या खालून निघालो तेव्हा जमीन अगदी जवळ होती. त्याने विमान सरळ करत आणलं, धावपट्टीच्या अलीकडच्या माळावर. डावी बाजू आधी टेकली. तो डावीकडे बसतो.

मिशीवाल्याच्या बरगड्या मोडल्या. माझा हात आणि पाय. यंत्राला काही झालं नाही.

चौकशीवाले येऊन गेले. आधी बर्फ धरला होता हे माहीत असून कॅप्टन ढगात गेला, असं ते म्हणतात. निर्णय त्याचा चुकला. मी म्हटलं, नकाशा हिरवा होता. ते म्हणाले, नकाशा सल्ला असतो, हुकूम नसतो.

मला एकच सांग. तू त्या खोलीत जाऊन विचारलं होतंस. नकाशा हिरवा होता, मग एवढा बर्फ आला कुठून?

&nbsp;

११ मार्च

वन्सं,

तुझा प्रश्न घेऊन मी परत पलीकडच्या खोलीत गेले. यावेळी धोका आहे का हे नाही विचारलं. विचारलं, थेंबांचा आकार तुम्ही कुठून घेता?

नकाशा बनवणारा मुलगा म्हणाला, 'तुमच्याकडून मॅडम.'

माझ्याच मॉडेलची छोटी आवृत्ती रोज रात्री चालते आणि तिच्यातून नकाशा निघतो. ढगांचा भाग तोच, मी लिहिलेला. टेकूही तोच. ढगात जेवढं पाणी, ते मॉडेलने कमीत कमी चाळीस थेंबांत वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं, म्हणून थेंब बारीक, म्हणून नकाशा हिरवा. तुमच्या ढगात तेच पाणी नऊ थेंबांत होतं. शून्याच्या खाली गेलेले, तरी न गोठलेले मोठे थेंब, पंखाला लागले की पट्टीच्या मागे वाहत जाऊन धरणारे. तू लिहिलं होतंस तसेच. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस.

मी काय केलं ते बघ. एकाच कागदावर मी तुला लिहिलं की तुझे दहा-अकरा खरे आहेत, आणि त्याच्याच वर लिहिलं की थेंब बारीक आहेत, जा. पहिलं खरं असेल तर दुसरं खोटं. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला नाही कळलं. मॉडेलमधला थेंब माझ्यासाठी तापमानाच्या आलेखावरची गोष्ट होती गं, तो कुणाच्या पंखाला लागेल हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि नकाशा हिरवा दिसला की मला बरं वाटत होतं, कारण तो त्यात होता.

'अजून थोडं' तू म्हणालीस, पण त्याला त्या ढगात मी पाठवलं. तुझ्या दोन शब्दांचं ओझं घेऊन बसू नकोस. मला तुझा राग येत नाही म्हटलं तर खोटं होईल. पहिले काही दिवस आला. आता दुसऱ्या कुणाचा येण्याइतकं त्राण उरलेलं नाही.

चौकशीवाल्यांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा दिला, निष्कर्ष तोच ठेवला. टेकू सगळ्याच मॉडेलांत कुठला ना कुठला असतो म्हणाले, त्याला दोष म्हणता येत नाही.

इकडे चष्मेवाल्यांनी शब्द पाळला. टेकू काढून मॉडेल चालवलं. शतकाचं तापमान खाली कोसळलं, जसं कोसळणार होतं. कणांच्या भागात दुसरीकडे कुठेतरी चूक आहे, ती टेकूमागे लपली होती. ती शोधायला वर्ष जाईल. अहवालाला तेवढा वेळ नाही. बैठकीत ते म्हणाले, 'सध्या परत चाळीस करू, अहवालानंतर बघू. तुमची हरकत नाही ना?' सगळे माझ्याकडे बघत होते, बिचारी म्हणून. मी मान हलवली. मला फक्त त्या खोलीतून उठून घरी जायचं होतं.

आई रोज विचारतात, ढग इतका कसा वाईट निघाला. मी म्हणते, असतो एखादा.

वहिनी

&nbsp;

२२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, पुन्हा वाचवत नाही. मी रागावलेय. तुझ्यावर, स्वतःवर, त्याच्यावरसुद्धा. 'किरकोळ' म्हणे! घरी आले की आपण दोघी भांडू, चांगलं कडकडून, आणि मग बघू काय उरतं. आत्ता भांडायला वेळ नाही.

दवाखान्यातून सोडलं. यंत्र उतरवून न्यायला चार दिवसांसाठी शेडवर आलेय, कुबड्या घेऊन. वाटलं होतं, इथे सामसूम असेल. तर दुसरं विमान आलंय, स्वतःचं यंत्र घेऊन. नवा कॅप्टन आलाय, दोन मुलींचा बाप आहे, त्यांचे फोटो सगळ्यांना दाखवत फिरतो. चांगला माणूस आहे. दादाची खोली त्याला दिलीय.

सोमवारी ते त्याच ढगात जाणार आहेत. राहिलेली उड्डाणं महिनाअखेरीच्या आत संपवायचीत. वारा परत समुद्रावरचा लागलाय.

आज सकाळी नकाशा आला. मी भिंतीवर बघितला. हिरवा.

तू लिहिलंयस की परत चाळीस केले. ते अहवालाच्या मोठ्या मॉडेलमध्ये, असं मी समजतेय. नकाशाच्या छोट्या आवृत्तीत तरी टेकू काढला असेल ना? तेवढं केलंच असशील. तुझं उत्तर आल्याशिवाय मी त्या कॅप्टनला काय सांगू? पिशवीची वाट बघू नकोस, कसंही करून कळव.

&nbsp;

रविवार, नोंदींच्या लाइनवरून

वन्सं,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. ही लाइन खासगी मजकुराला नाही, माहीत आहे. उद्या जे विचारायचं ते मला विचारतील.

काढलेला नाही. छोटी आवृत्ती मोठीतूनच आपोआप तयार होते. बैठकीत मी मान हलवली तेव्हा नकाशातही परत चाळीस झाले. ते मला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही असं मी तुला सांगू शकते, पण ते खरं नाही. आठवलं होतं. वाटलं, आता तिथे उडणारं कोण उरलंय.

मी आत्ता ऑफिसातच आहे. टेकू स्वतःच्या हाताने काढतेय, कुणालाही न विचारता. पण नवा नकाशा उद्या दुपारच्या आत निघणार नाही, आणि ते सकाळी उडतील. भिंतीवरचा नकाशा फाडून टाक. तळावर चार वेळा फोन केला, लागत नाही, करत राहते. तू त्या नव्या कॅप्टनला उठवून सांग. नाही ऐकलं तर विमानापुढे जाऊन बस, तुझ्या कुबड्या त्याच्या चाकांत घाल.

कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारेल. सांग, नकाशातले थेंब जिने लिहिले तिच्या. आणि आधीच्या कॅप्टनला जिने 'जा' म्हटलं तिच्या. त्याची बायको आहे म्हणून सांग, म्हणजे ऐकेल.